लेपर्ड गेकोचं पोट: किडे, पावडर आणि रोजची शी

आमची टिकली (आमची लेपर्ड गेको, म्हणजे पाळीव पाल) नऊ दिवस शी न करता बसली होती तेव्हा मी काय काय केलं ते आधी सांगते. पहिल्यांदा किडे बदलले. मग मीलवर्मचं (भुंग्याच्या अळ्या असतात त्या) कवच जड पडत असेल म्हणून ते बंद केले. मग कॅल्शियम जास्त झालं असेल म्हणून किड्यांना लावायची पावडर बंद, मग दोन दिवसांनी कमी पडलं असेल म्हणून परत चालू. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसायचं आणि सकाळी उठल्या उठल्या टँकच्या कोपऱ्यात टॉर्च मारायचा, काही दिसतंय का. "अगं झाली का तिला?" हे आई पण येऊन विचारायची, जी सुरुवातीला मी घरात पाल आणली म्हणून आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. शेवटी दहाव्या दिवशी इन्फ्रारेड थर्मामीटर आणून हाइडच्या (टँकमधली लपायची जागा) आतल्या फरशीवर धरला तर आकडा आला २५. थर्मोस्टॅटवर (हीट मॅट चालू-बंद करून तापमान राखतो तो) मात्र ऐटीत ३२ दिसतंय. झालं असं होतं की टँक साफ करताना मी प्रोब (थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर) आतल्या फरशीवरून काढून बाहेर थेट हीट मॅटलाच चिकटवला होता आणि आत नवी जाड टाइल ठेवली होती, त्यामुळे मॅट ३२ ला पोचली की थर्मोस्टॅट तिला बंद करायचा आणि टाइलपर्यंत ऊब जायचीच नाही. प्रोब जागेवर लावला, दोन दिवसांत शी झाली. किड्यांचा काही दोष नव्हता, पावडरचा पण नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की गेकोच्या पोटाचं काही बिघडलं की आधी ऊब बघा, मग पाणी, मग खाणं आणि सगळ्यात शेवटी पावडर. बहुतेक जण (मी पण) बरोबर उलट्या क्रमाने जातात कारण पावडर बदलणं सोपं असतं.

ऊब नसेल तर खाल्लेलं तसंच पडून राहतं

आपण थंडीत बसलो तरी आपलं शरीर आतून गरम असतं, गेकोचं तसं नाही, त्याला बाहेरून ऊब मिळाली तरच आतलं पचन चालतं. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातला, संध्याकाळी आणि पहाटे फिरणारा, बाकी दिवसभर दगडाखाली गरम जागी पडून राहणारा प्राणी. म्हणजे खाऊन झाल्यावर ऊबदार जागी पोट टेकून पडणं हा त्याच्या पचनाचा भागच आहे. टँकच्या एका बाजूला हाइडमधली फरशी साधारण ३१ ते ३३ सेल्सियस, दुसरी बाजू २४ ते २६, आणि मधे कुठेतरी ओलसर हाइड, ही मांडणी असली की तो स्वतःच ठरवतो कुठे बसायचं. रात्री तापमान २०-२१ पर्यंत उतरलं तरी मोठ्या गेकोला चालतं, पण दिवसा त्याला ती गरम फरशी मिळायलाच हवी. काचेला चिकटवायचे ते गोल काट्याचे थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतात, आणि ते पण धड नाही. फरशीवर मोजा. आणि हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, पोटाला भाजल्याच्या केस याच्यामुळेच होतात.

ऊब कमी असताना भरपेट खाल्लं तर किडे पोटात पचण्याऐवजी सडायला लागतात आणि मग गेको ते ओकून टाकतो. उलटीत अख्खे, ओळखू येणारे किडे पडले तर पहिला संशय तापमानावर, दुसरा किड्याच्या आकारावर. अशा वेळी लगेच परत खायला घालायची घाई करू नका. पाणी ठेवा, चार-पाच दिवस पोटाला आराम द्या, मग एखाद-दोन छोटे मऊ किडे द्या. परत ओकला तर डॉक्टर.

काय खायला घालायचं

हा प्राणी फक्त किडे खातो. फळं नाही, भाजी नाही, शिजवलेलं काही नाही, मांजराचं फूड तर अजिबात नाही. "माझा गेको केळं चाटतो" असं सांगणारे भेटतात, चाटतही असेल, पण त्याचं पोट पाल्याफळांसाठी बनलेलंच नाही. भाजी किड्यांना घालायची आणि किडे गेकोला, हाच एक मार्ग.

रोजच्या खाण्यासाठी रातकिडे (क्रिकेट म्हणून मिळतात ते), डुबिया झुरळं, मीलवर्म आणि ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, यातले निदान दोन-तीन प्रकार आलटून पालटून द्या. रेशीमकिडे मिळाले तर उत्तमच, मऊ असतात आणि चरबी कमी. हॉर्नवर्ममधे जवळजवळ सगळं पाणीच असतं, त्यामुळे पोट भरायला नाही पण थोडा सुकलेला, कात टाकायला आलेला गेको असेल तर कामाला येतात. सुपरवर्म मोठ्या गेकोलाच, अधूनमधून. आणि वॅक्सवर्म म्हणजे निव्वळ चरबी, महिन्यातून एक-दोन, बस. आणि याची गेकोला चटक लागते बरं का, एकदा रोज द्यायला सुरुवात केली की रातकिड्यांकडे ढुंकून बघत नाही, चिमटा दिसला की तोंड फिरवून बसतो. टिकलीने मला यावरून पंधरा दिवस नाचवलंय.

मीलवर्म पोटात जाऊन आतून पोखरतो वगैरे जे ऐकता ते खोटं आहे, गेको चावून खातो आणि उरलंसुरलं काम पोटातलं आम्ल करतं. मीलवर्मची खरी अडचण वेगळी, कवच जाड आणि चरबी जास्त, त्यामुळे फक्त त्यांच्यावरच ठेवलेला गेको हळूहळू लठ्ठ होतो. नुकतीच कात टाकलेले पांढरे मीलवर्म दिसले तर ते वेचून द्या, लोण्यासारखे मऊ असतात. सोल्जर फ्लायच्या अळ्यांचं उलट आहे, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं, पण साल चिवट, आणि गेकोने घाईघाईत न चावता गिळली तर अख्खी अळी शीतून तशीच बाहेर पडलेली दिसते. घाबरायचं कारण नाही, पण त्यातलं कॅल्शियम पण तसंच बाहेर गेलं एवढं लक्षात ठेवा.

बागेतले, दिव्याभोवतीचे किडे पकडून घालू नका. त्यांनी कुठलं औषध मारलेलं पान खाल्लंय आपल्याला माहीत नसतं आणि परजीवी पण त्यांच्यातूनच येतात. आणि काजवे तर कधीच नाही, चुकून पण नाही. काजव्यांच्या अंगात जे विष असतं ते थेट हृदयावर काम करतं आणि पाळलेले सरडे एकेका काजव्याने मेलेले आहेत.

आकाराचा नियम सोपा आहे, गेकोच्या दोन डोळ्यांमधे जेवढं अंतर तेवढीच किड्याची रुंदी, त्याहून मोठा नको. पिल्लांना रोज द्यायचं, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढं. पाच-सहा महिन्यांनंतर एक दिवस आड, आणि पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा, एका वेळी पाच ते आठ किडे हे सुरुवातीला धरून चालायचं आणि मग शेपटीकडे बघून कमी-जास्त करायचं. संध्याकाळी दिवे मंद झाले की द्या, तेव्हाच तो शिकारीच्या मूडमधे असतो. दुपारी झोपेतून उठवून चिमट्यात किडा धरला आणि त्याने खाल्ला नाही म्हणून "खात नाहीये" अशी पोस्ट टाकणाऱ्यांना काय सांगायचं!

अर्ध्या तासानंतर उरलेले रातकिडे बाहेर काढा. रात्रभर राहिले तर झोपलेल्या गेकोची बोटं, पापण्या कुरतडतात. एखादा सापडलाच नाही तर कोपऱ्यात गाजराचा तुकडा टाकून ठेवा म्हणजे तो ते खाईल, गेकोला नाही.

किडा रिकाम्या पोटी द्यायचा नाही

याला गट-लोडिंग म्हणतात, आणि पावडरवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी पण यावर होत नाही. विकत आणलेला किडा बरेचदा कित्येक दिवसांचा उपाशी असतो, तो तसाच दिला तर गेकोच्या पोटात जातं नुसतं कवच आणि पाणी. द्यायच्या आधी २४ ते ४८ तास किड्यांना नीट खायला घाला. गाजर, रताळं, लाल भोपळा, मोहरीची कोवळी पानं, आणि कोरडं काहीतरी, म्हणजे ओट्स किंवा कोंडा. पालक मात्र नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही (पालीला पालक नाही, असं लक्षात ठेवा). काकडी आणि लेट्यूसमधे पाण्याशिवाय काही नसतं. कुत्र्या-मांजराचं कोरडं फूड डुबियांना घालणारे लोक आहेत, त्याने डुबिया जोमात वाढतात पण इतक्या प्रथिनांनी त्यांच्या अंगात युरिक अ‍ॅसिड साठतं आणि ते शेवटी गेकोलाच, त्यामुळे मी घालत नाही.

किड्यांच्या डब्यात पाण्याची वाटी ठेवली तर रातकिडे पटापट बुडून मरतात, ओल्या भाजीतून पाणी मिळू द्या. मीलवर्म फ्रिजमधे ठेवले तर झोपून राहतात आणि आठवडे टिकतात, फक्त द्यायच्या आदल्या दिवशी बाहेर काढून खायला घाला. सुपरवर्म फ्रिजमधे ठेवू नका, मरतात. हे मी अख्खा डबा घालवून शिकलेय.

पावडरचं कोडं

आधी कारण समजून घ्या म्हणजे वेळापत्रक पाठ करायला लागत नाही. किड्यांमधे फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं, आणि गेकोला पाहिजे ते बरोबर उलट, साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. हे प्रमाण बिघडलेलं राहिलं की शरीर हाडांमधलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं. मग जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, चालताना पोट जमिनीवरून उचलत नाही. याला मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आतड्यांचे स्नायू आकुंचन पावायला पण कॅल्शियमच लागतं, त्यामुळे कॅल्शियम कमी असलेल्या गेकोचं पोट पण साफ होत नाही. हाडं आणि पोट असे दोन वेगळे विषय नाहीतच.

आता कॅल्शियम पोटात गेलं तरी ते शोषून घ्यायला व्हिटॅमिन डी३ लागतं. ते दोन वाटांनी मिळतं, पावडरमधून किंवा यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्यातून. लेपर्ड गेको रात्रीचा प्राणी म्हणून त्याला यूव्हीबी लागतच नाही असं आधी सगळे म्हणायचे, पण संध्याकाळ-पहाटेच्या थोड्या उजेडात पण त्याच्या कातडीत डी३ तयार होतं, म्हणून आता बरेच जण कमी ताकदीची ट्यूब लावतात. लावणार असाल तर सौम्यच लावा आणि खाली लपायला भरपूर जागा ठेवा, अल्बिनो मॉर्फ (म्हणजे रंगद्रव्य नसलेला फिका प्रकार) असेल तर जास्तच जपून. काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे टँक खिडकीत ठेवून काही मिळत नाही, फक्त टँक तापतो. आणि ट्यूब दिसायला चालू असली तरी तिचं यूव्हीबी उतरत जातं, कंपनीने दिलेल्या मुदतीत, साधारण वर्षाने, बदला.

मी काय करते ते सांगते. टिकलीच्या टँकला यूव्हीबी आहे, त्यामुळे बहुतेक वेळा साधं, डी३ नसलेलं, फॉस्फरस नसलेलं कॅल्शियम, आणि दोन आठवड्यांतून एकदा मल्टिव्हिटॅमिन. दिवा नव्हता तेव्हा आठवड्यातून एकदा डी३ वालं कॅल्शियम असायचं. पिल्लू असेल तर प्रत्येक खाण्याला कॅल्शियम, आठवड्यातून एकदा मल्टिव्हिटॅमिन, आणि दिवा नसेल तर आठवड्यात दोनदा डी३ वालं. अंडी घालणाऱ्या मादीला यापेक्षा जास्त लक्ष द्यायला लागतं, अंड्याचं कवच तिच्याच अंगातून बनतं.

पण आधी डब्यामागचं लेबल वाचा!! काही पावडर सगळं-एकातच असतात, कॅल्शियम, डी३, व्हिटॅमिन ए सगळं, आणि प्रत्येक वेळी वापरायला बनवलेल्या असतात. अशी पावडर वापरत असाल तर वरून दुसरं मल्टिव्हिटॅमिन देऊ नका. मल्टिव्हिटॅमिनमधे डी३ असेल तर तो दिवस डी३ मधे धरा. डी३ आणि व्हिटॅमिन ए जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं, आणि जास्त डी३ ने मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायला लागतं. दुसऱ्या टोकाला व्हिटॅमिन ए कमी पडलं तर पापण्या सुजतात, डोळ्यात घाण साचते, कात नीट सुटत नाही, आणि डोळ्यांनी दिसत नाही म्हणून गेको खायचं सोडतो आणि आपण पोटाचं औषध शोधत बसतो.

पावडर लावायची कशी यात पण लोक गोंधळ करतात. मी एक प्लास्टिकचा उंच डबा ठेवलाय. त्यात चिमूटभर पावडर, त्यावर सहा रातकिडे, झाकण, आणि डबा हलक्या हाताने दोन-तीनदा गोल फिरवायचा. कॅरमवर पावडर टाकतो तेवढीच, किड्याचा रंग अजून दिसला पाहिजे. पांढरेफटक भुतासारखे किडे गेको नाक फुरफुरून सोडून देतो आणि मग आपल्याला वाटतं भूक मेली. लावल्यावर लगेच द्या, कारण रातकिडा पाच मिनिटं एका जागी बसला की पायांनी अंग पुसून सगळी पावडर उतरवतो, चांगला स्वच्छ होऊन बसतो. व्हिटॅमिनचा डबा उघडला की झाकणावर तारीख लिहा, ओलावा आणि उष्णतेने त्यातली ताकद जाते, मी सहा महिन्यांनी टाकून देते, मग अर्धा भरलेला का असेना.

टँकमधे बाटलीच्या झाकणात साधं कॅल्शियम ठेवायचं की नाही यावर दोन तट आहेत. मी ठेवते, ती कधी चाटते कधी नाही. डी३ वालं मात्र झाकणात कधीच ठेवायचं नाही कारण किती चाटलं याचा हिशोब राहत नाही.

प्रोबायोटिक, एन्झाइमचे थेंब वगैरे मी घेत नाही. नीट ऊब मिळालेल्या, धड गेकोला त्याची गरज पडल्याचं मी तरी बघितलं नाही.

शेपूट, काटा आणि शी

गेकोची शेपूट म्हणजे त्याचं बँक अकाउंट, चरबी तिथे साठते. मानेएवढी किंवा मानेहून थोडी जाड शेपूट असली की ठीक. शेपूट धडाएवढी रुंद झाली, आणि पुढच्या पायांच्या काखेत फुगे दिसायला लागले, तर खाणं कमी करा. लठ्ठ गेको गोंडस दिसतो हे मान्य, पण ती चरबी यकृतात पण जाते.

शेपटीपेक्षा पण काटा खरं बोलतो. ग्रॅम दाखवणारा किचनचा छोटा वजनकाटा घ्या, त्यावर रिकामा डबा ठेवून शून्य करा, गेको डब्यात. पिल्लाचं आठवड्याला, मोठ्याचं पंधरा दिवसांनी, आणि एका वहीत लिहा. मोठे गेको साधारण ४५ ते ८० ग्रॅमचे असतात, पण दुसऱ्याच्या गेकोशी तुलना करून उपयोग नाही, आपल्याच्या मागच्या आकड्याशी करा. ६० चा ५४ झाला म्हणजे दहा टक्के गेले, तेव्हा वाट बघत बसू नका.

आणि शी. बघायलाच लागते, नाक मुरडून चालत नाही. चांगली शी म्हणजे गडद तपकिरी, आकार असलेली, आणि तिच्या टोकाला पांढरा खडूसारखा तुकडा. तो पांढरा तुकडा म्हणजे त्याची लघवीच, युरेट म्हणतात. तो पिवळा-केशरी आणि कडक झाला तर पाणी कमी पडतंय. एकदा पातळ झाली तर हॉर्नवर्म खाल्ले होते का आठवा. सलग दोन-तीन वेळा पातळ, वास मारणारी, किंवा रक्त-चिकट पदार्थ असलेली आली तर ती तपासायला द्यायची. बरेचसे गेको एकाच कोपऱ्यात शी करतात, तिथे टिश्यू घालून ठेवला की सकाळी पाच सेकंदात काम होतं.

पाण्याची वाटी रोज धुवा, नुसती वरून भरू नका. ओल्या मॉसची हाइड कात टाकण्यासाठी असते हे खरं, पण टँक कोरडा असेल तर अंगातलं पाणी टिकवायला पण तीच. कात टाकली की गेको ती स्वतःच खातो, शीत कधीकधी तिचे तुकडे दिसतात, ते नॉर्मल आहे.

खात नाहीये

आधी वजन. वजन जागेवर असेल, शेपूट जाड असेल, तर मोठा गेको दोन-तीन आठवडे खात नसला तरी बऱ्याचदा काही झालेलं नसतं. कात टाकायच्या आधी खात नाहीत, थंडीत कमी खातात, प्रजननाच्या दिवसांत नर आठवडेच्या आठवडे उपाशी फिरतात, आणि मादीच्या पोटात अंडी तयार होत असतील तर ती पण (नर नसला तरी मादी अंडी घालू शकते, ती फळत नाहीत एवढंच). नवीन आणलेला असेल तर आठवडाभर त्याला हात पण लावू नका. पिल्लाचं मात्र वेगळं, त्याच्या शेपटीत साठा नसतो, चार-पाच दिवस खाल्लं नाही तर हालचाल करा. तोंड उघडून जबरदस्तीने भरवणं घरी करू नका, जबडा दुखावतो आणि श्वासनलिकेत गेलं तर संपलं.

पोट अडलं तर

इम्पॅक्शन (आतड्यात खाल्लेलं घट्ट अडकणं) म्हटलं की सगळे वाळूला शिव्या घालतात. वाळू निर्दोष नाही, विशेषतः ती कॅल्शियम सँड म्हणून जी मिळते ती गेको मुद्दाम चाटतो आणि ती आत गोळा होते, ती घेऊच नका. पण नुसत्या मीलवर्मच्या सालींनी आणि टिश्यूवर ठेवलेल्या गेकोचं पण पोट अडतं, कारण ऊब नाही, पाणी नाही, कॅल्शियम नाही. आणि वारंवार माती-वाळू चाटणारा गेको बऱ्याचदा कॅल्शियमच शोधत असतो. पिल्लाला, आजाऱ्याला, नव्याला टिश्यूवर ठेवा. मोठ्या धडधाकट गेकोला टाइल किंवा घट्ट बसवलेली माती चालते.

खाणं चालू आहे, ऊब बरोबर आहे आणि तरी आठवडा झाला शी नाही, तर खाणं थांबवा. पसरट डब्यात ३० ते ३२ सेल्सियसचं पाणी त्याच्या कोपरापर्यंत येईल एवढंच घाला, १५-२० मिनिटं ठेवा, शेजारून उठू नका, पाणी थंड झालं तर बदला. बरेचदा त्या पाण्यातच काम होतं. नंतर पुसून सरळ गरम हाइडमधे. दोन-तीन दिवस रोज करा. पोट दाबून मसाज करू नका, आत टोकदार काही असेल तर जखम होते. तोंडात तेल पण घालू नका, ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया. पोट टणक फुगलंय, कातडीतून निळसर-काळा डाग दिसतोय, जोर करतोय आणि काही येत नाहीये, किंवा मागचे पाय ओढत चालतोय, यातलं एक जरी दिसलं तरी पाण्याबिण्यात वेळ घालवू नका, थेट डॉक्टर.

जोर करून करून कधी शीच्या जागेतून लालसर मांस बाहेर येतं. नराचा अवयव कधी क्षणभर बाहेर येऊन आत जातो, ते वेगळं. बाहेर आलेलं आत जात नसेल तर ते सुकू देऊ नका, सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलं ठेवा, खाली ओला टिश्यू, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. उद्या नाही.

शेपूट काडी झाली तर

खातोय पण वजन उतरतंय, किंवा ओकतोय, आणि शेपटीची काडी झालीय, तर परजीवी डोक्यात धरा. पिनवर्म, कॉक्सिडिया यांना औषधं आहेत आणि ती वजनावर मोजून द्यायची असतात, दुसऱ्याच्या गेकोला दिलेला डोस आपल्याला चालत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र वाईट, आतड्याला चिकटतो, अजून खात्रीचा इलाज नाही, आणि ब्लीचने मरत नाही. साध्या शीच्या तपासणीत निसटू शकतो, त्याची पीसीआर टेस्ट वेगळी सांगून करायला लागते. म्हणूनच नवीन गेको आणला की निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळा चिमटा, वेगळी वाटी, आणि आधी जुन्याचं सगळं करून मग नव्याला हात. एका टँकमधे खाऊन उरलेला किडा दुसऱ्या टँकमधे टाकायचा नाही, ही सवय मला पण फार उशिरा लागली.

डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांचे बघा, आणि असा कोण आहे ते गेको ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. जाताना ताजी शी झिपलॉकमधे, सोबत ओल्या टिश्यूचा तुकडा म्हणजे सुकणार नाही, लगेच निघता येत नसेल तर फ्रिजमधे ठेवा पण फ्रीझरमधे नाही, २४ तासांच्या आत पोचवा. वजनाची वही घ्या. पावडरच्या डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढा. आणि हाइडमधल्या फरशीवर थर्मामीटर धरून त्या आकड्याचा एक फोटो, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि "थर्मोस्टॅटवर ३२ आहे" हे उत्तर मी देऊन बघितलंय.